मल्चिंग पेपर (25 मायक्रॉन): पिकाला चांगला, जमिनीला महाग

उन्हाळी टोमॅटोला आम्ही काही वर्षं चंदेरी-काळा मल्चिंग पेपर टाकतो. नाव पेपर असलं तरी हे पातळ प्लॅस्टिक असतं, 25 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग जाड. ते वाफ्यावर अंथरून त्याच्या भोकांतून रोपं लावतात. नारायणगावच्या बाजारात माल नेणारी आमच्याकडची बरीच मंडळी टाकतात. दुकानदार त्याचे जे गुण सांगतात ते खरे आहेत. पीक संपल्यावर त्या पेपरचं काय करायचं, हे मात्र मला एकाही दुकानात कुणी सांगितलं नाही, म्हणून हे लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या जाडीचा वेगवेगळ्या कंपन्यांचा पेपर वापरून पाहिला आणि सगळे सारखेच निघाले.

रोल चार फूट रुंद, 400 मीटर लांब. बेड (गादीवाफे) पाच फुटांवर असतील तर एकराला साडेसहा रोल लागतात. एक रोल साधारण 11 किलोचा. म्हणजे एका एकरात आपण सत्तर किलोच्या वर प्लॅस्टिक अंथरतो. अंथरताना काही वाटत नाही, कारण ट्रॅक्टरमागचं यंत्र बेड ओढतं, ठिबकची नळी सोडतं, पेपर ताणतं आणि दोन्ही कडांवर माती लोटत निघून जातं.

आधी चांगलं सांगते. एप्रिलच्या उन्हात भर दुपारी पेपर उचलून खाली हात घातला तर माती गार आणि ओलसर लागते, त्यामुळे पाण्याची पाळी लांबते. आमच्या विहिरीला मे महिन्यात ही मोठीच मदत होते. खुरपणीचा खर्च बेडवर जवळजवळ संपतो आणि तणनाशकाची फवारणीही वाचते. याला अपवाद फक्त लव्हाळ्याचा. त्याचे सुईसारखे कोंब पेपर भोसकून वर येतात, त्यामुळे लव्हाळ्याच्या रानात पेपरवर पैसे घालण्यात अर्थ नाही. चंदेरी बाजूच्या चकाकीने मावा आणि पांढरी माशी सुरुवातीला कमी बसते. झाडं वाढून पेपर झाकला गेला की तो फायदा संपतो, पण विषाणूपासून रोपं जपायची असतात ती याच कोवळ्या दिवसांत.

आता पाऊस. वळवाची सर आली की बेडवर पाणी मुरतच नाही, सगळं सरीत उतरतं आणि माती घेऊन धावतं. पानांवरून धुतलेलं औषधही त्याच्याबरोबर जातं. अमेरिकेत मेरीलँडमध्ये बेल्ट्सव्हिल इथे टोमॅटोच्याच वाफ्यांवर याची मोजणी झाली आहे. वनस्पतींचं आच्छादन असलेल्या वाफ्यांपेक्षा प्लॅस्टिकच्या वाफ्यांतून दुप्पट ते चौपट पाणी वाहून गेलं, आणि माती निदान तिप्पट. आमच्या रानातलं पाणी ओढ्यातून मीना नदीला जातं. त्या ओढ्यात मासे आहेत, खेकडे आहेत, खालच्या वस्तीची जनावरं तिथेच पाणी पितात. आम्ही आता सऱ्यांमध्ये उसाचं पाचट पसरतो आणि रानाच्या उताराकडच्या टोकाला गवताची पट्टी ठेवतो. ओढ्याकडे जाणारं पाणी पूर्वीइतकं गढूळ दिसत नाही. पेपर टाकणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावंच.

खरी अडचण काढणीची. तोडे संपतात तेव्हा पेपर उन्हाने कडक झालेला असतो. मधला भाग हाताशी येतो, पण मातीत दाबलेली कडा तुटते आणि चार बोटं रुंदीची पट्टी आतच राहते. झाडांच्या बुंध्यांपाशी तर चिंध्याच होतात. कामाला येणाऱ्या मावशी म्हणतात, "ताई, लावायला मशीन आणि काढायला आम्ही!" त्यांचं बरोबर आहे. पाठ मोडणारं काम आहे आणि उक्तं घ्यायला कुणी तयार होत नाही. म्हणून पुष्कळ जण सरळ रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं ट्रॅक्टरचं अवजार) फिरवून, पेपर मातीतच कालवून मोकळे होतात.

तसं रोटाव्हेटर फिरवलेलं एक रान आम्ही वाट्याने केलं. तिथे कांदा काढताना हातात आलेल्या एका कांद्याची मुळं पेपरच्या तुकड्याच्या भोकातून आरपार गेलेली होती, आणि वरची चंदेरी बाजू अजून चमकत होती. मूठभर माती चाळली तरी तांदळाच्या कणीएवढे काळे तुकडे सापडायचे. ते वेचणं कुणाच्याच हातात नाही. त्याच मातीत गांडुळं राहतात. मेंढरं आणि गाई रिकाम्या रानात चरायला येतात, त्यांच्या पोटात गवताबरोबर तुकडे जातात. काढलेला पेपर भंगारवाला घेत नाही, कारण त्याला माती चिकटलेली असते. मग तो बांधावर पेटवला जातो, आणि तो धूर आपल्याच लेकरांच्या नाकात जातो.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. शेतीत वर्षाला सव्वा कोटी टन प्लॅस्टिक वापरलं जातं, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2021 चा अंदाज आहे. चीनच्या शिनजियांगमधली कापसाची रानं याच पेपरच्या तुकड्यांनी भरली, तेव्हा तिथल्या सरकारने 2018 पासून 10 मायक्रॉनपेक्षा पातळ पेपरवर बंदी घातली. पेपर जितका पातळ, तितका तो अखंड निघत नाही. आपल्या देशात भाजीच्या प्लॅस्टिक पिशवीला किमान 120 मायक्रॉनची अट आहे, मात्र रानात 20-25 मायक्रॉनचा पेपर सर्रास जातो. सरकारच्या फलोत्पादन अभियानाच्या 2014 च्या निकषांत मल्चिंगला हेक्टरी 32,000 रुपये खर्च धरून त्याच्या निम्मं अनुदान होतं. अनुदान देताना पेपर परत गोळा करण्याची अट घालायला काय हरकत होती? मला याचा मनापासून राग येतो.

"आपोआप विरघळणारा" म्हणून कुणी पेपर विकत असेल तर आधी नीट विचारा. उन्हाने फक्त तुकडे होणारा एक प्रकार असतो. तो मातीत जिरत नाही, आणि युरोपीय संघाने तसल्या प्लॅस्टिकवर 2021 मध्ये बंदी घातली. मातीतले जिवाणू खरंच खाऊन टाकतात तो पेपर वेगळा, त्यासाठी ईएन 17033 हे युरोपचं मानक आहे. ते मानक पाळल्याचा कागद दाखवत असतील तरच पैसे मोजा. तो महाग पडतो.

माझं मत: पिकासाठी पाचापैकी चार, जमिनीसाठी एक. घ्यायचाच असेल तर 30 मायक्रॉनचा घ्या. पैसे थोडे जास्त जातात, पण काढताना तो कमी फाटतो. काढायच्या आदल्या संध्याकाळी ठिबक चालवून कडेची माती मऊ करून घ्या, म्हणजे पट्टी सलग निघते. ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनी निदान वांगी आणि मिरचीला पेपरऐवजी पाचट वापरून पाहावं. येत्या हंगामात आमच्या मिरचीला पाचटच असेल. टोमॅटोचा पेपर मात्र, वापरलेला माल परत घेईन असं जो दुकानदार पावतीवर लिहून देईल, त्याच्याकडूनच घेणार आहे.