मोठा हॉल, ६५ इंची टीव्ही आणि त्याची उंची : दसऱ्यापासून गणपतीपर्यंतचा अनुभव

गणपतीच्या आदल्या आठवड्यात टीव्हीचा आवाज गेला. चित्र स्वच्छ, पण साउंडबार मुका. वॉरंटी शिल्लक होती म्हणून कंपनीकडे तक्रार नोंदवली. टेक्निशियन आला, रिमोटला हातही न लावता भिंतीकडे बघत म्हणाला, "मॅडम, स्टँड बाहेरचा आहे. शिवाय टीव्ही खूप खाली लावलाय, आमच्या स्टँडर्डप्रमाणे नाही. हे वॉरंटीत बसणार नाही." वर व्हिजिट चार्ज मागितला. मी दिला नाही. बिघाड कशाचा निघाला ते पुढे येईलच, पण "खूप खाली" हे ऐकून मात्र डोकं तापलं. टीव्ही घेतल्यापासून मला सगळ्यात जास्त समाधान दिलं असेल तर त्याच्या उंचीने. मॉडेल, रिफ्रेश रेट, एचडीआर ही माहिती सगळीकडे मिळते, तिच्यात वेळ घालवत नाही. टीव्ही ६५ इंची, साधा एलईडी, व्हीए पॅनेलचा (हा पडद्याचा एक प्रकार) आहे एवढं पुरे.

घर सांगलीत, सासऱ्यांनी बांधलेलं, भिंती नऊ इंची विटेच्या. हॉल २४ बाय १४. पूर्वेच्या लांब भिंतीत मधोमध मुख्य दार, पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या, उत्तरेची आखूड भिंत पूर्ण मोकळी. दक्षिणेला स्वयंपाकघराचं दार आणि त्याच्या अलीकडे स्लॅबच्या कड्यांना टांगलेला सागवानी झोपाळा. झोपाळ्याची जागा बदलणार नाही, हे धरूनच सगळं ठरवायचं होतं.

आधीचा ३२ इंची टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर, खिडक्यांच्या बरोबर समोर होता. दुपारी त्यात बातम्यांपेक्षा खिडकीचे गजच जास्त दिसायचे. बाकी सोफा, दिवाण, शोकेस सगळं भिंतींना चिकटवलेलं आणि मधे नुसती फरशी. मोठे हॉल असलेल्या बहुतेक घरांत मी हेच बघते. जागा मोठी म्हणून सामान कडेला, आणि मग टीव्ही लांब पडतो म्हणून त्याहून मोठा टीव्ही. दुकानदारानेही तेच सांगितलं, "२४ फुटी हॉल ना, मग ७५ इंचीच घ्या."

मी ६५ वर ठाम राहिले, त्यामागे साधं गणित होतं. ६५ इंची टीव्हीची रुंदी जवळपास १४४ सेंटीमीटर. नऊ फुटांवरून बघितलं तर तो डोळ्यांपुढे साधारण ३० अंशांचा कोन व्यापतो. एसएमपीटीई या चित्रपट आणि टीव्हीच्या अभियंत्यांच्या संस्थेच्या नावाने घरच्या बघण्यासाठी जो कोन सांगितला जातो, तो हाच. तोच सोफा मागे नेऊन १८ फुटांवर ठेवला, तर तेवढंच मोठं चित्र दिसायला १३० इंची पडदा लागेल. सोफा पुढे ओढायला पैसे पडत नाहीत. म्हणून टीव्ही उत्तरेच्या आखूड भिंतीवर घेतला आणि तीन जणांचा सोफा भिंत सोडून हॉलच्या मधे, बसणाऱ्याचे डोळे पडद्यापासून नऊ फुटांवर येतील असा आणला.

घरात विरोध झाला. आलेल्या माणसाला आधी सोफ्याची पाठ दिसणार, हे सासूबाईंना पटेना. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण बहुतेक सोफ्यांच्या पाठीला स्टेपलरने ठोकलेलं पातळ काळं कापड असतं आणि तो भिंतीला लागूनच ठेवायचा असं बनवणाऱ्याने धरलेलं असतं. कारागिराला घरी बोलावून पाठीला सोफ्याचंच कापड चढवून घेतलं. त्यामागे घरातलीच बुटकी शोकेस आडवी लावली. आता दारातून आलेला माणूस शोकेसच्या मागून स्वयंपाकघराकडे किंवा झोपाळ्याकडे जातो, टीव्हीच्या आडवं कुणी येत नाही. ही वाट तीन फुटांची ठेवा. दोन फुटी वाटेतून ताट घेऊन जाताना अंग चोरावं लागतं. झोपाळ्यालाही पुढे-मागे झोका घ्यायला तेवढी मोकळी जागा लागतेच.

आता उंची.

टीव्ही बसवायला पहिल्यांदा जो मुलगा आला, त्याने मला काही न विचारता जमिनीपासून चार फुटांवर पेन्सिलने खूण केली. ही टीव्हीची खालची कड. म्हणजे पडद्याचा मध्य चौसष्ट इंचांवर, जवळजवळ माझ्या कपाळाशी, तेही मी उभी असताना. मी म्हटलं, आम्ही टीव्ही बसून बघतो. त्यावर त्याने विचारलं, "साहेब नाहीत का घरी?" साहेब घरी नव्हते, आणि असते तरी भिंतीचं माप त्यांनी मलाच विचारलं असतं. "सगळीकडे एवढ्यावरच लावतो मॅडम" एवढं एकच कारण तो देत राहिला. मी त्याला ड्रिल लावू दिलं नाही. स्टँडचे पैसे वेगळे होते, तेही वाचले.

मग टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ५७ बाय ३२ इंचांचा तुकडा केला आणि कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावला. सोफ्यावर सैल बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून ४१ इंचांवर येतात, नवऱ्याचे ४३, दिवाणावर सासूबाईंचे त्याहून कमी. मुलं सतरंजीवर बसली की तिशीच्या आत. पुठ्ठा वर-खाली सरकवत सगळ्यांना बसवून बघितलं. मध्य ४२ इंचांवर आला तेव्हा कुणाचीच हनुवटी वर गेली नाही. खालची कड आली २६ इंचांवर. खाली १८ इंच उंचीचं टीव्ही युनिट आणि वर साउंडबार, नेमकं मावलं. लहान मुलं पडद्याला हात लावतील ही भीती सगळेच घालतात, पण युनिट सोळा इंच खोल आहे, धाकट्याचा हात तेवढा पोचत नाही.

चार फुटांच्या हिशेबाने नऊ फुटांवरून बघताना नजर मध्यावर ठेवायला १२ अंश वर बघावं लागलं असतं, वरच्या कडेला २० अंश. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सासूबाईंना मानेच्या मणक्यांचा त्रास आहे, आणि जुना टीव्ही उंचावर होता तेव्हा रात्रीच्या मालिकांनंतर मान चोळत उठणं रोजचं होतं. ते या घरात थांबलं. माझ्यासाठी या टीव्हीच्या सगळ्या फीचरपेक्षा हे मोठं आहे. दुकानात, हॉटेलात टीव्ही उंच असतो कारण लोक उभे असतात किंवा मधे डोकी येतात. तेच माप घरात आणून वर त्याला स्टँडर्ड म्हणायचं, याची मला चीड येते.

उंची खाली आणल्याचा एक फायदा नंतर कळला. समोरच्या दक्षिण भिंतीवर उंचावर ट्यूबलाइट आहे. तिचं प्रतिबिंब पडद्याच्या अगदी वरच्या पट्टीत दिसायचं. टीव्ही वर असता तर ते चित्राच्या खालच्या भागात, जिथे स्कोअर आणि सबटायटल येतात तिथे पडलं असतं. उरलेली पट्टीही गेली, स्टँडवर पडदा पाच अंश खाली झुकवल्यावर. आरसा पाच अंश कलला की परतणारा किरण दहा अंश कलतो, त्यामुळे ट्यूबच्या जागी आता मागची भिंत कमरेच्या उंचीवर दिसते, आणि तिथे उजेडाचं काही नाही.

उन्हाबद्दलचं माझं मत मात्र वर्षभरात बदलत गेलं. टीव्ही खिडक्यांच्या काटकोनात आहे म्हणजे प्रश्न मिटला, असं दिवाळीत वाटलं होतं. डिसेंबरमध्ये चारनंतर उन्हाची तिरीप थेट पडद्यावर यायला लागली. आपल्या भागात सूर्य ऐन हिवाळ्यात पश्चिमेपासून साधारण २४ अंश दक्षिणेकडे मावळतो, म्हणून पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन तिरकं उत्तरेकडे सरकतं. दोन्ही खिडक्यांना जाड ब्लॅकआउट पडद्यांचा भाव काढला, आकडा ऐकून थांबले, आणि एक दुपार ऊन कुठून कुठे जातं ते बघत बसले. टीव्हीवर येणारं ऊन फक्त त्याच्या जवळच्या खिडकीतून येत होतं. दुसऱ्या खिडकीतलं ऊन नुसतं फरशीवर आणि पुढे पूर्वेच्या भिंतीवर जातं. एकाच खिडकीला जाड पडदा केला. एप्रिल-मेमध्ये उलट झालं. सूर्य आता पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे टीव्हीवर ऊन नाही आणि सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन. आयपीएलच्या दिवसांत ऊन उतरायच्या वेळी तोच एक जाड पडदा ओढला की काम झालं. पूर्व किंवा पश्चिमेची खिडकी असेल तर एका ऋतूत बघून पडद्यांवर खर्च करू नका.

आता स्टँड. पुढे ओढता येणारा, दोन आर्मचा, साडेतीन हजारांचा. खरं सांगायचं तर पहिले काही महिने हा खर्च मला खुपत होता. टीव्ही भिंतीला लागूनच असायचा, साधी पट्टी पुरली असती असं मी सगळ्यांना सांगायचे. मे महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा मुक्काम दिवसभर पूर्वेच्या भिंतीलगतच्या दिवाणावर आला. तिथून टीव्ही पंचेचाळीस-पन्नास अंश तिरका दिसतो आणि व्हीए पॅनेलचा हाच दोष आहे, समोरून काळा रंग गडद, बाजूने सगळं राखाडी आणि फिकं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, हिच्या साडीचा रंगच कळत नाही." टीव्ही पुढे ओढून दिवाणाकडे वळवला आणि चित्र परत उठावदार झालं. तेव्हापासून दुपारी टीव्ही त्यांच्याकडे तोंड करून असतो, रात्री आमच्याकडे. आज कुणी विचारलं तर हा स्टँड घ्याच म्हणेन.

घेताना खोक्यावरचे अंश बघू नका, आर्म किती पुढे येतो ते बघा. ६५ इंची टीव्ही ३० अंश वळवायचा तर त्याचा मध्य भिंतीपासून निदान १४ इंच पुढे यायला हवा, नाहीतर कड भिंतीला टेकते. माझा २० इंच येतो. टीव्ही बावीस किलोंचा, तो एवढा पुढे ओढला की वरच्या फास्टनरवर ओढ कितीतरी वाढते. आमच्या इलेक्ट्रिशियनने आधी प्लास्टर किती जाड आहे ते भोक पाडून मोजलं, इंचभर निघालं. प्लास्टर वजन धरत नाही, म्हणून पूर्ण विटेत बसतील असे लांब अँकर फास्टनर घातले, सांध्यात एकही भोक नाही. सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) भिंत असेल तर हे फास्टनर चालत नाहीत, तिथे त्या ब्लॉकसाठीचे वेगळे घ्यावे लागतात. जिप्समच्या पार्टिशनवर असा आर्म लावूच नये. तक्रार एकच, रोज वळवून डावी कड दोन-तीन मिलिमीटर खाली उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी लेव्हलचे स्क्रू फिरवावे लागतात.

मुका साउंडबारही याच वळवण्यातून निघाला. एचडीएमआयची केबल दीड मीटरची. टीव्ही भिंतीला होता तोवर पुरत होती, पुढे ओढल्यावर ताणली जायची आणि पोर्टमधून अर्धा मिलिमीटर बाहेर यायची. टेक्निशियनने वाकून बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. तो गेल्यावर मोबाइलची बॅटरी लावून मीच बघितलं. तीन मीटरची केबल आणली, आर्म पूर्ण बाहेर काढून तेवढी ढील सोडली, आर्मलाच पट्ट्यांनी बांधली. आवाज आला. कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे. न तपासता वॉरंटी नाकारणं आणि वर पैसे मागणं मी सोडून देणार नाही.

गौरी-गणपतीत या मांडणीची खरी परीक्षा झाली. आधी सोफा, दिवाण उचलून खोलीत कोंबावे लागायचे. यंदा चौरंग दक्षिणेच्या अर्ध्या भागात मांडला, झोपाळा कड्यांवरून उतरवला, आरतीला माणसं तिथेच मावली. टीव्हीकडच्या भागात फक्त टीपॉय हलवला.

नवीन घर बांधणाऱ्यांनी एक काम आत्ताच करावं. इलेक्ट्रिशियन टीव्हीचा बोर्ड सवयीने पाच फुटांवर काढतो. त्याला तो जमिनीपासून ४० इंचांवर, टीव्हीच्या मागे झाकला जाईल असा काढायला सांगा, आणि तिथून खाली युनिटपर्यंत दोन इंची रिकामा पाइप भिंतीत टाकून घ्या. माझ्याकडे वायरी पट्टीतून बाहेरून आल्या आहेत, कारण झालेली भिंत आता फोडायची नाही.