कोडओनर्स फाइल: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या मुक्त स्रोत प्रकल्पात मुख्य कोड, भाषांतर आणि दस्तऐवजीकरण अशा तीन स्वयंसेवी टीम आहेत. कोणता बदल कोणी तपासायचा, हे ठरवण्याचे काम आम्ही गेले काही महिने गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरील कोडओनर्स फाइलवर सोपवले आहे. २०१७ मध्ये आलेली ही सोय दिसायला अगदी साधी आहे: एका ओळीत फोल्डरचा मार्ग लिहायचा आणि त्यापुढे जबाबदार व्यक्तीचे किंवा टीमचे, म्हणजे त्या भागाच्या ‘मालकाचे’, नाव. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, आली की रिव्ह्यूची विनंती आपोआप त्यांच्याकडे जाते, त्यामुळे नवख्या योगदानकर्त्याला कोणाला विचारावे म्हणून ताटकळत बसावे लागत नाही. एवढ्यासाठीसुद्धा ही फाइल ठेवावी, असे माझे मत आहे.

मात्र नियमांचा क्रम नीट समजून घ्यावा लागतो. एकाच फाइलला अनेक ओळी लागू पडत असतील, तर सर्वांत शेवटची ओळ ग्राह्य धरली जाते. आमच्याकडे कोणीतरी ‘बाकी सगळे मुख्य टीमकडे’ अशा अर्थाची तारांकित ओळ तळाशी जोडली आणि भाषांतराच्या पुल रिक्वेस्ट ती भाषा न येणाऱ्यांकडे जाऊ लागल्या. ती ओळ सर्वांत वर नेल्यावर प्रश्न मिटला. एका ओळीत दोन टीम लिहिल्या की दोन्हींची संमती लागेल, हा समजही खरा नाही. त्यांपैकी कोणा एकाची पुरते.

खरी अडचण माणसांची आहे. स्वयंसेवक नोकरी बदलतो, परीक्षेत गुंततो, हळूहळू दिसेनासा होतो. फाइलमधले त्याचे नाव मात्र तसेच राहते आणि मालकाची संमती सक्तीची केलेली असेल तर मर्ज, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळणे, अडकून पडते. लिनक्स कर्नलच्या मेंटेनर्स फाइलमध्ये प्रत्येक विभागापुढे त्याची स्थिती नोंदवलेली असते: नियमित देखभाल होते, जमेल तशी दुरुस्ती होते, की विभाग अनाथ आहे. कुबरनेटिस या दुसऱ्या मोठ्या मुक्त स्रोत प्रकल्पाच्या ओनर्स फाइलमध्ये तपासणारे आणि मंजुरी देणारे वेगळे असतात, शिवाय निवृत्त मंजुरीदारांची स्वतंत्र यादी ठेवता येते. कोडओनर्समध्ये यांपैकी काहीच नाही. उलट मालक व्हायचे तर रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यात, लिहिण्याचा अधिकार हवा, म्हणजे निव्वळ भाषांतर तपासणाऱ्यालाही तो द्यावा लागतो, आणि हे मला आजही खटकते.

आता आम्ही व्यक्तींऐवजी टीमचीच नावे लिहितो आणि मालकाच्या संमतीची सक्ती फक्त मुख्य कोडच्या रिपॉझिटरीत ठेवली आहे. भाषांतराची रिपॉझिटरी त्यासाठी वेगळी काढावी लागली.