कापणीला येणारे देवदूत: मत्तय आणि प्रकटीकरण

शेवटच्या न्यायाच्या वेळी देवदूत काय करतील? बायबलच्या नव्या करारातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात, येशूच्या एका दृष्टांतात, ते कापणी करणारे आहेत. गव्हाच्या शेतात निदण, म्हणजे तण, उगवतं. नोकर ते उपटायला निघतात, तर मालकच अडवतो: त्यासोबत गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. म्हणजे निवडानिवड माणसाच्या हाती नाहीच, ती देवदूतांची, आणि तीही अगदी शेवटी.

प्रकटीकरणाच्या, म्हणजे नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकाच्या, 14व्या अध्यायात ही सबुरी संपलेली असते. अग्नीवर अधिकार असलेला देवदूत वेदीकडून हाक देतो, दुसरा धारदार विळा चालवतो आणि द्राक्षांचे घड देवाच्या क्रोधाच्या कुंडात पडून तुडवले जातात. त्यातून वाहणारं रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत चढतं, 1,600 स्टेडिया, म्हणजे जवळपास 300 किलोमीटर पसरतं. वाचताना अंगावर काटा येतो. तरी मन मात्र मत्तयाच्या शेतातच रेंगाळतं. तिथल्या मालकाला गव्हाचं एक रोपही गमवायचं नाही.