डिपॉझिटच्या पावतीवर 'लव्ह ऑफरिंग' लिहिलं होतं आणि मी ते वाचलंच नाही

आधीच सांगते, मी स्वतः ख्रिस्ती आहे, घरात रोजची प्रार्थना असते, त्यामुळे कुणी हे धर्माविरुद्ध लिहिलंय असं समजू नका. उलट शाळा आपल्या माणसांची आहे म्हणूनच आम्ही डोळे मिटून पैसे भरले आणि फसलो. ज्यांच्या घरी सध्या अशा छोट्या ख्रिश्चन इंटरनॅशनल शाळेचा विचार चालू असेल त्यांच्यासाठी लिहितेय, जरा लांब झालंय पण वाचा.

नवऱ्याची परदेशात बदली झाली तेव्हा मुलगी नववीत जाणार होती आणि मुलगा तिसरीत. कंपनी फीचा थोडा भाग देणार, बाकी आपलं आपण बघा असं होतं. मोठ्या इंटरनॅशनल शाळेचा फीचा तक्ता मी उघडला आणि तसाच बंद केला. मग उपासनेला भेटलेल्या एका कुटुंबाकडून ही शाळा कळली, जुन्या बंगल्यात भरणारी, बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळी मिळून पासष्ट मुलं, होस्टेल वगैरे नाही, सकाळी सोडायचं आणि दुपारी पावणेतीनला आणायचं. फी मोठ्या शाळेच्या निम्म्याहून कमी. आम्हाला वाटलं देवानंच दार उघडलं.

पहिल्या भेटीत प्रिन्सिपलनी खुर्चीत बसायच्या आधी आमच्यासाठी प्रार्थना केली, आमच्या बदलीसाठी, मुलांच्या भीतीसाठी, अगदी माझ्या गुडघ्यासाठीसुद्धा, कारण जिना चढताना मी हुश्श केलेलं त्यांनी ऐकलं होतं. माझे डोळे भरून आले. मग त्यांनी केनियातल्या रिफ्ट व्हॅली अकॅडमीची गोष्ट सांगितली, ती शाळा १९०६ ची, मिशनऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली, १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी तिथं कोनशिला बसवली होती. गोष्ट खरी आहे, मी नंतर बघितलं. फक्त त्या शाळेचा आणि या शाळेचा काडीचाही संबंध नव्हता, आणि त्यांनी तो आहे असं एकदाही म्हटलं नाही, नुसतं 'आपली परंपरा' म्हणाले. आता कळतं की त्या तासाभरात सगळं असंच चाललं होतं, थेट खोटं एकही नाही.

बाहेर निघताना मी नवऱ्याला म्हटलं, अहो फीचं सगळं लेखी मागूया का? तर हे म्हणाले, अगं आत्ताच त्यांनी आपल्यासाठी प्रार्थना केली, लगेच कागद काय मागतेस. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. आणि गंमत बघा, त्याच शाळेनं आमच्याकडून किती कागद घेतले, पाळकसाहेबांचं शिफारसपत्र, श्रद्धेच्या निवेदनावर दोघांच्या सह्या, दोन वर्षांचे निकाल, लसीकरणाची कार्डं, व्हिसाच्या झेरॉक्स, कंपनीचं पत्र, मोजले तर अकरा होतात. आम्ही एकही मागितला नाही.

आता पैशाचं. आकडे देण्यात अर्थ नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून मी प्रमाण सांगते. मुलाची ट्युशन फी १०० धरा, आम्हाला तोंडी तेवढीच सांगितली होती. वर्ष संपेपर्यंत त्यावर रजिस्ट्रेशनचे ३, डेव्हलपमेंट फंडाचे १५, पुस्तकं आणि वर्कबुकांचे ११, मुलाला इंग्रजीच्या जादा तासाला बसवलं त्याचे १२, बसचे १८ आणि मॅप टेस्ट (मुलांची प्रगती मोजणारी चाचणी), कॅम्प असलं किडुकमिडुक ७. झाले १६६. शिवाय २० डिपॉझिट, 'परत मिळणारं'. यातलं बरंचसं सगळ्याच इंटरनॅशनल शाळा घेतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्या तो तक्ता आधी हातात देतात. आम्हाला प्रत्येक गोष्ट वेगळ्या महिन्यात, वेगळ्या चिठ्ठीवर, मुलाच्या दप्तरातून कळली. इंग्रजीच्या जादा तासाची तर गंमतच, मुलगा पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात होता, चाचणी कुणी घेतली नि कधी घेतली ते आजपर्यंत माहीत नाही.

आणि एक, अशा शाळांमध्ये बऱ्याच ठिकाणी फीचे दर वेगवेगळे असतात. मिशनरी आणि चर्चच्या कामातल्या कुटुंबांना सगळ्यात कमी, स्वतःच्या खिशातून भरणाऱ्यांना मधला, ज्यांची कंपनी भरते त्यांना सगळ्यात जास्त. यात गैर काही नाही, मला तर ते योग्यच वाटतं. पण आम्हाला ॲडमिशनच्या वेळी मधला दर सांगितला, आणि कंपनीचं पत्र हातात पडल्यावर जानेवारीत कंपनीच्या दरानं फरकाचं बिल आलं. कंपनी तर जेमतेम तिसरा हिस्सा देत होती! नवरा भांडायला गेला तर त्यांनी फॉर्मच्या मागच्या पानावरची ओळ दाखवली, 'एम्प्लॉयरकडून कोणतेही साहाय्य'. सही आमचीच.

मुलाचं मात्र छान चाललं होतं हेही लिहायला हवं. त्याच्या वर्गात दुसरी-तिसरी-चौथी एकत्र, नऊ मुलं, आणि त्याच्या टीचर म्हणजे सोनं. या शाळांमध्ये बरेच शिक्षक स्वतःच्या देशातल्या चर्चकडून आधार गोळा करून येतात, शाळा पगार देतच नाही किंवा नावापुरता देते. म्हणून तर फी कमी ठेवता येते. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की तो आधार आटला, आईवडील आजारी पडले किंवा दोन वर्षांचा करार संपला की माणूस निघून जातो, आणि पासष्ट मुलांच्या शाळेत एक माणूस गेला म्हणजे एक अख्खा विषय जातो.

आमच्या मुलीचे गणित आणि सायन्सचे सर ऑक्टोबरमध्ये गेले. निरोप समारंभ झाला, आम्ही सगळे रडलो वगैरे, आणि सोमवारी मुलीसमोर वर्कबुकांचा गठ्ठा. ही एक जुनी अमेरिकन पद्धत आहे, साधारण १९७० पासूनची, एका विषयाच्या वर्षाला १२ पुस्तिका, मुलानं आपल्या आपण वाचायच्या, सोडवायच्या, स्वतःच तपासायच्या, शेवटच्या चाचणीत ८० टक्के मिळाले की पुढची पुस्तिका. मुलं भिंतीकडे तोंड करून खोक्यासारख्या टेबलावर बसतात, मध्ये फळ्या, आणि काही अडलं तर टेबलावरचा छोटा झेंडा वर लावायचा, मग कुणीतरी येतं. मी एकदा लवकर आणायला गेले तर मुलीच्या टेबलावर झेंडा लागलेला होता. वीस मिनिटं मी दारातून बघत होते, कुणी आलं नाही. तिनं हळूच तो झेंडा स्वतःच खाली काढला आणि उत्तराची वही उघडली. पद्धत वाईट असं मी म्हणत नाही, काही मुलं त्यात छान शिकतात. पण आम्हाला सांगितलं होतं आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावीच्या तोडीची परीक्षा, तीही वर्गात शिकवून.

इथेच मला पहिल्यांदा शंका आली. मी विचारलं की दहावीला परीक्षा कुठं देणार, तर ऑफिसमधून उत्तर आलं, 'वेळ आल्यावर प्रभू मार्ग दाखवेल'. अहो परीक्षेचा मार्ग प्रभू नाही, सेंटर दाखवतं! ज्या शाळेत केंब्रिजच्या परीक्षा होतात तिला सेंटर नंबर असतो, दोन अक्षरं आणि तीन आकडे. मी तीन वेळा मागितला, तीन वेळा विषय बदलला. मग केंब्रिजच्या साइटवर शाळा शोधायची सोय आहे तिथं नाव टाकलं, नाव नाहीच. शाळेचा खरा बेत असा होता की मुलांना दुसऱ्या शाळेत नेऊन प्रायव्हेट कँडिडेट, म्हणजे बाहेरून परीक्षा देणारी मुलं, म्हणून बसवायचं. ते चालतं, बेकायदेशीर नाही, पण ते दुसरं सेंटर प्रायव्हेट मुलं घेतं का हे आधी बघावं लागतं, त्याची फी वेगळी, आणि सगळे विषय तसे देता येत नाहीत, जिथं कोर्सवर्क, म्हणजे वर्षभर शाळेत करून दाखवायचं काम, असतं तिथं अडतं. सायन्सला लॅब नसेल तर अल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकलचा लेखी पेपर असतो खरा, पण त्यालाही कधीतरी ब्युरेट हातात धरलेली बरी. आमच्या शाळेची लॅब म्हणजे बंगल्याचं जुनं स्वयंपाकघर, ओटा आणि सिंकसकट.

त्याच रात्री मी ॲडमिशनच्या दिवशी काढलेला फोटो मोठा करून बघितला. प्रिन्सिपलच्या डोक्यामागे भिंतीवर निळ्या शिक्क्याचं सर्टिफिकेट होतं, असोसिएशन ऑफ ख्रिश्चन स्कूल्स इंटरनॅशनलचं. खरी संस्था आहे, १९७८ ची, नाव मोठं आहे. पण सर्टिफिकेटवर लिहिलं होतं 'मेंबर'. ॲक्रेडिटेड, म्हणजे तपासून मान्यता दिलेली, असं नाही. मेंबर होणं वेगळं, ॲक्रेडिटेशन वेगळं, त्यासाठी शाळेला स्वतःचं सगळं तपासून अहवाल लिहावा लागतो, बाहेरची टीम येऊन वर्गात बसते, आणि ते एकदा मिळून संपत नाही, ठराविक वर्षांनी परत तपासणी होते. आणि 'कँडिडेट' या शब्दालाही भुलू नका, तो म्हणजे अजून रांगेत आहे. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचंही तसंच, कँडिडेट शाळा म्हणजे मान्यता मिळेलच असं नाही, हे आयबी स्वतःच स्पष्ट लिहायला लावतं. ज्या संस्थेचं नाव शाळा सांगते त्या संस्थेच्या यादीत जाऊन बघायचं, भिंतीवरचं बघायचं नाही. मला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मी सात महिने उशिरा काढली.

वर्षअखेर आम्ही दोन्ही मुलांना काढायचं ठरवलं. नियम एका टर्मच्या नोटिशीचा, तो आम्ही पाळला, लेखी मेल केला, पोच घेतली, तेवढी अक्कल एव्हाना आली होती. मग डिपॉझिट मागितलं. अकाउंट बघणाऱ्या बाई म्हणाल्या, सिस्टर, कुठलं डिपॉझिट? पावती आणा.

पावती होती. नवऱ्यानं फाइलीतून काढून टेबलावर ठेवली, क्रीम कलरचा कागद, वर क्रूस, खाली प्रिन्सिपलची सही, रक्कम बरोबर, तारीख बरोबर. 'कशासाठी' या रकान्यात निळ्या शाईनं लिहिलं होतं, लव्ह ऑफरिंग. म्हणजे दान. दान कोण परत देतं? दहा महिने ती पावती आमच्या कपाटात होती आणि दोघांपैकी एकानंही आकड्याच्या पुढचा शब्द वाचला नव्हता. मग बँकेचं स्टेटमेंट काढलं, तर पैसे शाळेच्या खात्यात गेलेच नव्हते, प्रिन्सिपलच्या स्वतःच्या खात्यात गेले होते. तेव्हा मला आठवलं, भरताना ते म्हणाले होते की शाळेचं खातं नव्या नावावर होतंय, तोपर्यंत इथं टाका. आम्ही टाकले, दोन मुलांचे!

पैसे भरताना ट्रान्सफरच्या शेऱ्यात नवऱ्यानं 'रिफंडेबल डिपॉझिट' आणि मुलांची नावं टाइप केली होती, सवयीनं, ऑफिसची सवय. त्या एका ओळीमुळे थोडंफार हाती लागलं. आम्ही स्टेटमेंट, ॲडमिशनच्या वेळचा मेल ज्यात 'रिफंडेबल' शब्द होता, आणि पावती असं एकत्र करून शाळेच्या बोर्डाला पाठवलं. बोर्डात पाच जण, त्यातल्या दोघांना हा प्रकार माहीतच नव्हता, एकांनी तर फोन करून माफी मागितली. चार महिन्यांनी निम्मं डिपॉझिट आलं. बाकीचं 'थकबाकीत वळतं केलं', थकबाकी कुठली, तर तो जानेवारीचा फरक.

आणि ती थकबाकी फिटेपर्यंत मुलीचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत दाखला, अडवून ठेवलं होतं. नव्या शाळेला ट्रान्सक्रिप्ट जुन्या शाळेकडून थेट, सहीशिक्क्याचं हवं होतं, आपण नेऊन दिलेलं चालत नव्हतं. शेवटी ते पोचलं तेव्हा त्यात सायन्सपुढे नुसता पुस्तिकांचा नंबर. नव्या शाळेनं चाचणी घेतली आणि तिला परत नववीत बसवलं. पोरगी काही बोलली नाही, त्या रात्री जेवली नाही एवढंच. त्या ऑक्टोबरमध्ये गेलेल्या सरांना मी मेल केला होता, त्यांनी लांबून, स्वतःच्या घरून, काय काय शिकवलं होतं त्याची दोन पानं लिहून सही करून पाठवली, त्यामुळे निदान गणितात तिला वरच्या गटात घेतलं.

नव्या शाळेत मी ॲडमिशनच्या बाईंना पहिला प्रश्न सेंटर नंबरचा विचारला. मनात धाकधूक होती की म्हणतील ही कोण संशयी बाई. त्यांनी मान वर न करता नंबर सांगितला आणि विचारलं, अजून काय हवंय? मी फीचा पूर्ण तक्ता मागितला, डिपॉझिट कधी, किती दिवसांत, कुठल्या कपातीनंतर परत मिळतं ते मागितलं, इथले शिक्षक किती वर्षं टिकतात तेसुद्धा विचारलं. सगळं छापील दिलं. ही शाळाही ख्रिस्तीच आहे बरं का, इथंही आठवड्याला चॅपल असतं, प्रार्थना इथंही होते.

जुन्या शाळेचं महिन्याचं पत्रक अजून इनबॉक्समध्ये येतं. मागच्या महिन्याचं नव्या इमारतीसाठी दान मागणारं होतं, आणि वर मोठा फोटो आमच्या मुलाचा, दात पडलेला, हसतोय. फोटो काढून टाका म्हणून मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं, सिस्टर, आम्ही तुमच्या कुटुंबासाठी प्रार्थना करत आहोत.