दोलक हातात द्यावा की फळ्यावर काढावा?

सहावी ते आठवीच्या विज्ञानाचे नियोजन करताना खरी अडचण तासिकांची असते. दोलकाचा दोलनकाल, म्हणजे जाऊन-येऊन एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, गोळ्याच्या वजनावर नव्हे, तर दोलकाच्या लांबीवर अवलंबून असतो, हे आकृती काढून सांगायला दहा मिनिटे पुरतात. तेच मुलांनी प्रयोगातून शोधायचे ठरवले तर दोन तासिका सहज जातात आणि निष्कर्ष बरोबर निघेलच याची खात्री नसते.

तो कुठे चुकतो हे पाहण्यासारखे आहे. एखादा गट तीच दोरी ठेवून लहान गोळ्याऐवजी मोठा गोळा बांधतो; दोरी बदललेली नसली तरी मोठ्या गोळ्याचा मध्य खाली गेल्याने दोलकाची लांबी वाढलेली असते, त्यामुळे झोका किंचित मंदावतो आणि वहीत ‘जड दोलक हळू हलतो’ अशी नोंद होते. दुसरा गट एकच झोका मोजतो आणि घड्याळाचे बटण दाबण्यातली घाई किंवा उशीर थेट उत्तरात उतरतो. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरावी, दहा झोके मोजून दहाने भागावे, हे कुणीतरी सांगावेच लागते. मात्र एवढे सांगितले की 25 सेंटिमीटरच्या दोलकाला सुमारे एक सेकंद आणि 1 मीटरच्या दोलकाला सुमारे दोन सेकंद लागतात, म्हणजे लांबी चौपट होऊनही काळ दुप्पटच होतो, हे मुले स्वतः मोजतात. मोजमापात चूक कशी शिरते याची जी जाण त्यांना येते, ती व्याख्यानातून येत नाही.

क्लार आणि निगम या संशोधकांनी 2004 मध्ये तिसरी-चौथीच्या मुलांवर केलेला अभ्यास इथे बोलका आहे. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे तत्त्व थेट शिकवलेल्या मुलांपैकी 77 टक्क्यांनी आत्मसात केले. साहित्य देऊन मोकळे सोडलेल्यांपैकी केवळ 23 टक्क्यांनी. याउलट 225 अभ्यासांचा 2014 मधला एक आढावा सांगतो की, निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता सक्रिय अध्ययनाच्या वर्गापेक्षा दीडपट होती. पण तो महाविद्यालयीन वर्गांचा आहे आणि त्यात ‘सक्रिय’ म्हणजे हातात साहित्यच असे नाही.

म्हणून निवड पद्धतीची न करता घटकाची करावी, असे माझे मत आहे. अणू, पेशीविभाजन, ग्रहांची अंतरे यांसाठी चांगले व्याख्यान आणि चित्रे पुरेशी आहेत; थर्मोकोलच्या गोळ्यांचा अणू हे हस्तकलेचे काम आहे, त्याला प्रयोग म्हणू नये. जिथे मुलांची समजूत आधीच पक्की आणि चुकीची असते, तिथे मात्र तासिका खर्च कराव्यात. विद्युत परिपथ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे: दिव्यात वीज ‘संपते’ असे अनेकांना वाटते, त्यामुळे एकसर (एकामागोमाग एक) जोडणीतला दुसरा दिवा मंद लागेल अशी त्यांची अपेक्षा असते.

साहित्य सर्वांना पुरत नसेल, तर शिक्षकाने एकच परिपथ टेबलावर मांडावा, पण कळ दाबण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज आणि त्याचे कारण वहीत लिहून घ्यावे. दोन्ही सारखे दिवे सारख्याच प्रकाशाने लागले की स्पष्टीकरण तेव्हा द्यावे. त्या वेळी दिलेले दहा मिनिटांचे व्याख्यान मुले कान देऊन ऐकतात.