फोंड्याचं कपडेपटाचं दुकान आणि ऑथेल्लोचा रुमाल

यंदा आमच्या देवळाच्या जत्रेत आम्ही शेक्सपियरचं ऑथेल्लो केलं. मूळ नाटकावरून आमच्या दिग्दर्शकाने, म्हणजे माझ्या चुलतदिराने, दीड तासाचं मराठी रूपांतर बसवलं होतं. सेनापती ऑथेल्लोच्या मनात इयागो त्याच्या बायकोबद्दल, डेस्डिमोनाबद्दल, संशय भरवतो ती ही गोष्ट. मी एमिलियाचं, म्हणजे इयागोच्या बायकोचं आणि डेस्डिमोनाच्या दासीचं, काम केलं. कपडे, तलवारी, रंगभूषा, बारीकसारीक प्रॉपर्टी असं सगळं गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानातून आणलं. त्या दुकानाबद्दल लिहायचंच होतं, कारण जत्रांचे दिवस आले की आमच्यासारखी हौशी मंडळं 'कपडेपट कुठून आणायचा' हेच एकमेकांना विचारत असतात.

दुकान एका जुन्या घराच्या ओसरीत आहे. काका कपडे आणि रंगभूषा बघतात, काकी शिवण. मी यादी घेऊन गेले, तिच्यात शेवटची ओळ होती, 'रुमाल, 3 नग'. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बाय, रुमाल कोणाच्या हातांतल्यान पडटा?" मी म्हटलं, डेस्डिमोनाच्या. उचलतं कोण? मी. ते आतल्या बाजूला वळून म्हणाले, "भायर यो, रुमालाचें नाटक आसा." झुंजारराव हे जुनं नाटक त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. नाटककार गो. ब. देवलांनी ते ऑथेल्लोवरूनच 1890 मध्ये लिहिलेलं, त्यामुळे गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणाहून सामान आणलं होतं तेव्हा राजाचा खलिता म्हणून शाळेच्या वहीचा रेघांचा कागद आला होता. पुढच्या रांगेतली मुलं हसली आणि त्या प्रवेशातलं मरण फुकट गेलं. म्हणून या वेळी मी धास्तावले होते. ऑथेल्लोत तर सगळा डोलारा एका रुमालावर उभा आहे. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोचं डोकं दुखतं, बायको रुमालाने कपाळ बांधायला जाते, तो म्हणतो हा फारच लहान आहे, आणि रुमाल खाली पडतो. दोघंही बघत नाहीत, आत जातात. नवराबायकोला जे दिसलं नाही ते शेवटच्या रांगेतल्या आजीला दिसायला हवं.

काकींनी आधी मलमलचा तुकडा टाकून पाहिला. तो पंख्याच्या वाऱ्याने तरंगत बाजूला गेला. सॅटिनचा टाकला तर तो फळीवर असा चिकटून बसला की मला नखांनी उचलता येईना. शेवटी केंब्रिकचं जुनं धुवट सुती कापड काढलं, कड दुहेरी दुमडली आणि चारही कोपऱ्यांच्या दुमडीत एकेक मणी शिवला. आता रुमाल सरळ खाली यायचा आणि फळीवर टप् असा हलका आवाज व्हायचा. त्या आवाजासाठी मी त्यांचे हात धरले.

मग भरतकाम. नाटकात रुमालावर स्ट्रॉबेरी आहेत. काकींनी जाड लाल रेशमाने, साखळी टाक्याने, सुपारीएवढी एकेक स्ट्रॉबेरी भरली. मी म्हटलं, इतकं बारीक कशाला, लांबून कोण बघतंय? त्या म्हणाल्या, "तो कॅसिओ त्या बाईला म्हणतो ना, ही नक्षी मला उतरवून दे? मग नक्षी उतरवून घ्याविशी वाटली पाहिजे." कॅसिओ म्हणजे ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी, ज्याच्यावर संशय घेतला जातो, आणि ती बाई म्हणजे त्याची मैत्रीण बियांका. संहिता काकींनी रात्रीत वाचून काढली होती. रुमाल ऑथेल्लोच्या आईचा, म्हणून तो नवा दिसता कामा नये, असं म्हणत त्यांनी तयार रुमाल चहाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवला.

तीन नग मात्र त्यांनी दिले नाहीत. एकच. "तीन असले की तुम्ही सांभाळणार नाही." मला राग आला होता. पण तालमीत तो एकच रुमाल डेस्डिमोनाकडून माझ्याकडे, माझ्याकडून इयागोकडे, त्याच्याकडून कॅसिओच्या खोलीत आणि पुढे बियांकाकडे जात राहिला, तेव्हा प्रत्येकाला तो पुढच्याच्या हातात नीट देण्याची काळजी लागली. नाटकातला रुमाल असाच फिरतो.

चौथ्या अंकाची तालीम दुकानाच्या अंगणात केली ते बरं झालं. तिथे ऑथेल्लो आडून बघतो आणि बियांका रुमाल कॅसिओच्या अंगावर भिरकावते. दिग्दर्शक अंगणाच्या टोकाला, माडाजवळ उभा राहिला. मुठीत चुरगळलेल्या रुमालातलं तिथून फक्त लाल दिसत होतं. स्ट्रॉबेरी दिसेना. काकी नाराज झाल्या. पण मूळ नाटकात ऑथेल्लो नंतर इयागोला विचारतोच की, तो माझाच होता का? आधी स्वतःशी 'तो माझाच असणार' म्हणालेला हा माणूस दोन मिनिटांनी ज्याने फसवलं त्याच्याकडूनच खात्री करून घेतो. पुरावा त्याच्या हातात कधी येतच नाही. आधी इयागो सांगतो, कॅसिओला त्या रुमालाने दाढी पुसताना मी पाहिलं. मग लांबून लाल काहीतरी दिसतं. आम्ही ते तसंच ठेवलं. मत्सर झालेला माणूस तेवढ्या अंतरावरूनच बघतो, हे मला माडाजवळ उभी राहिल्यावर कळलं.

रंगभूषेचं एक सांगायला हवं. आमचा ऑथेल्लो वीज खात्यात काम करतो, उन्हाने रापलेला. काकांनी विचारलं, काळा रंग लावायचा का? पूर्वी काजळी लावत. आम्ही नको म्हटलं. तेव्हा ते पोर्तुगीज फौजेतल्या मोझांबिकच्या सैनिकांबद्दल बोलायला लागले. लहानपणी त्यांनी त्यांना पाहिलं होतं. लोक खापरी म्हणायचे. "ताठ चालायचे, पण बाजारात त्यांच्याशी कोणी दोन शब्द बोलत नव्हतं." त्यांनी रंग ठेवून दिला आणि उंच कॉलरचा गडद कोट काढला, ज्यात मान वाकवताच येत नाही. व्हेनिसला लढाईसाठी हवा असलेला आणि घरात जावई म्हणून नको असलेला सेनापती त्या कोटात उभा राहिला. इयागोचं विष चढतं ते इथेच. आपण काळे आहोत म्हणून ती आपल्याला कंटाळली असेल, हे ऑथेल्लो स्वतःच बोलून जातो.

आता उणं. झग्यांना डांबरगोळ्यांचा इतका वास होता की दोन दिवस वाळत घालावे लागले. बूट सगळे आठ नंबरचे. आमच्या कॅसिओने चपलेवर काळे मोजे चढवले. एका तलवारीची मूठ सैल होती. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. अकरा जणांच्या कपड्यांचं दोन दिवसांचं भाडं 4,200 रुपये आणि अनामत 2,000, दोन्ही रोख. रुमालाचे 350 वेगळे. मला महाग वाटलं नाही.

प्रयोगाच्या रात्री डेस्डिमोनाच्या हातून रुमाल पडला, टप् झालं, आणि बायकांच्या बाजूने "अगो!" असा आवाज आला. मी वाकले. शेक्सपियरने ज्या इटालियन कथेवरून, 1565 सालच्या, हे नाटक घेतलं तिच्यात रुमाल खलनायक स्वतः चोरतो, आपल्या लहान मुलीला पुढे करून. त्याच्या बायकोला सगळं माहीत असतं आणि ती भीतीने गप्प राहते. शेक्सपियरने तो एमिलियाकडून उचलवला. पुढे मालकीण विचारते, रुमाल कुठे हरवला असेल गं? आणि एमिलिया म्हणते, मला नाही माहीत, बाईसाहेब. हे चार शब्द मला सगळ्यात जड गेले. कमरेला खोचलेला तो रुमाल मी काही क्षणांपूर्वी नवऱ्याला दिलेला असायचा आणि कोपऱ्यातला मणी लागलेली जागा अजून पोटाला जाणवत असायची.

सामान परत द्यायला गेले तेव्हा काकींनी रुमाल मांडीवर पसरून एकेक टाका बघितला. एका स्ट्रॉबेरीचा धागा सुटला होता, तिथेच बसून त्यांनी तो ओवला. अनामत पूर्ण परत मिळाली. शिगम्यासाठी सामान हवं असेल तर महिनाभर आधी जा, बूट स्वतःचे न्या. रुमाल त्यांनी ठेवून घेतलाय. तो दुकानाच्या यादीत लिहिलेला नाही, काकींकडे मागावा लागतो.