गिअरबॉक्सचं 'संरक्षण' आणि चार स्प्रिंगा

बायको म्हणाली, "कशाला लिहितोयस? लोक हसतील." हसू देत. भोसरीच्या एमआयडीसीत २२ वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या, ड्रॉवरमध्ये दोन-दोन व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) बाळगणाऱ्या माणसाला कोणी चार स्प्रिंगा दाखवून गंडवलं, तर ते हसण्यासारखंच आहे. फक्त हसून झाल्यावर आपल्या गाडीचं काम कुठे करायचं ते जरा नीट बघा.

गाडी सेकंडहँड घेतलेली. ऑटोमॅटिक, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. घेतली तेव्हा ७४ हजार किलोमीटर झालेले, चालवायला लोण्यासारखी. माझी सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा कुंभार्ली घाट ठरलेला. मे महिन्यात परत येताना हौस म्हणून ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारा, ब्लूटूथ स्कॅनर लावला आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान मोबाईलवर सुरू केलं. मी चालवत होतो, बायको आकडे वाचत होती. ९२. ९८. १०७. घाट संपून हेळवाक यायच्या आधी ११८.

त्या ११८नं माझी झोप उडाली. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात घट्ट जोड नसतो, मध्ये तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, समोरचा पंखा त्या माऱ्यानं फिरतो आणि दोघांच्या वेगात जेवढा फरक तेवढी उष्णता तेलात उतरते. सपाट रस्त्यावर गाडीनं वेग धरला की लॉकअप क्लच दोघांना एकत्र जखडतो आणि तापमान उतरतं. घाटात, हळू वेगात, तो बराच वेळ सुटलेला असतो. ८०-९० अंशांत तेल सुखात असतं. १२०च्या पुढे ते करपू लागतं, सील कडक होतात, क्लच प्लेटा घसरतात आणि घसरल्या की आणखी तापतं. कंपन्या 'आयुष्यभर ऑइल बदलायची गरज नाही' असं सांगतात खरं, पण झेडएफसारखी खुद्द गिअरबॉक्स बनवणारी कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते.

हे सगळं मी चार रात्री जागून वाचलं. उपायही वाचले. बाहेरून जास्तीचा ऑइल कूलर बसवायचा. शिफ्ट किट घालायचं, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीतल्या (गिअरबॉक्सचं तेल कुठे, किती जायचं ते ठरवणारा भाग) काही स्प्रिंगा आणि व्हॉल्व्ह बदलून तेलाचा दाब वाढवायचा. क्लच चटकन पकडतो, घसरत नाही. अमेरिकेत ट्रेलर ओढणारे लोक गाडीला हे सर्रास करून घेतात. यातलं काहीही खोटं नाही, आणि मी फसलो तो या खऱ्या गोष्टींच्या जोरावर.

गॅरेज शहराच्या कडेला होतं. मोठा बोर्ड, दोन लिफ्ट, भिंतीवर परदेशी कंपन्यांचे स्टिकर. मालक पस्तिशीचा, बोलायला गोड. मी ११८ सांगितलं तर म्हणाला, "सर, लाइन प्रेशर बघितलंत का?" म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब. तिथेच मी विरघळलो. आजवर कुठल्या मेकॅनिकनं मला 'लाइन प्रेशर' हा शब्द विचारला नव्हता. अर्धा तास आम्ही दोघं सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि क्लच पॅक यावर बोललो. तो म्हणाला, "तुमच्यासारखं कळणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं येतं." आता वाटतं, हे वाक्य तो रोज सकाळी उदबत्ती लावल्यावर म्हणत असणार.

कागदावर हिशोब मांडला. कूलर १४,५००. शिफ्ट किट २१,०००. ऑइल ९ लिटर, १,१५०च्या दरानं १०,३५०. गिअरबॉक्सच्या कंप्युटरचं रीमॅपिंग, म्हणजे त्यातला प्रोग्राम बदलणं, ९,०००. मजुरी १२,०००. एकूण ६६,८५०. "कॅश दिलीत तर ६६ करू." ॲडव्हान्स २० हजार यूपीआयनं पाठवले तेव्हा स्क्रीनवर कुठल्याशा मोबाईल शॉपीचं नाव आलं. "भावाचं अकाउंट आहे सर." बरं, म्हटलं.

सकाळी दहाला गाडी दिली. "आत थांबता येणार नाही सर, इन्शुरन्सवाल्यांचा नियम आहे." सहाला फोन, गाडी तयार. व्हॉल्व्ह बॉडी काढायची, साफ करायची, किट घालून परत बसवायची, सगळं ऑइल मशीननं बदलायचं, पुढे कूलर बसवायचा आणि वर रीमॅपिंग, हे सगळं आठ तासांत. आमच्याकडे एखाद्या पोरानं एवढ्या वेळात साधा फिक्स्चर करून आणला असता, तरी मी त्याला चार प्रश्न विचारले असते. इथे एकही विचारला नाही.

त्यानं किटचा बॉक्स दाखवला. जाड पुठ्ठा, होलोग्राम, इंग्रजी मजकूर, आत रिकामा. मग माझ्या तळहातावर ऑइल लागलेल्या चार स्प्रिंगा ठेवल्या. "हे तुमच्या गाडीतले जुने. बघा, दमलेत." मी त्यातली एक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबली आणि मान डोलावली. खरंच डोलावली. मला ती दमलेली वाटली! स्प्रिंगा रुमालात बांधून खिशात टाकल्या, उरलेले ४६ हजार मोजून दिले आणि निघालो.

गाडी बदललेली वाटत होती, हे मात्र कबूल करतो. गिअर टणक पडत होते. आठवडाभर मी ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटलो. दोघांनी तर त्या गॅरेजचा पत्ता मागितला आणि मी दिला. त्याची लाज आजही वाटते.

गौरी-गणपतीला चिपळूणला गेलो. विसर्जन करून परत निघालो तेव्हा पाऊस होता. घाटात निम्म्याच्या वर आल्यावर करपल्यासारखा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा असेल. दोन वळणांनंतर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी हलेना. उतरून मागे बघितलं तर ओल्या डांबरावर लाल ऑइलची रेघ, वळणापर्यंत गेलेली.

एक पिकअपवाला थांबला. भला माणूस, दोर घेऊनच उतरला. त्याला नाही म्हणताना जीवावर आलं. पण पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून लांबवर ओढत नेली तर उरलासुरला गिअरबॉक्सही जातो. तीन तास पावसात बसलो. कराडहून उघड्या ट्रेची टोइंग गाडी आली, तिचे पुण्यापर्यंतचे साडेनऊ हजार वेगळे.

या वेळी ऑफिसातल्या ड्रायव्हरनं सांगितलेल्या माणसाकडे गेलो. साठी ओलांडलेला, पत्र्याची शेड, बोर्ड नाही, करतो फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सगळे त्याला मामा म्हणतात. मामांनी पाना हातात घेतलाच नाही. गाडी वर घेतली, टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच बघा साहेब. मी बोट दाखवतो."

पहिलं बोट कूलरच्या पाइपावर. रबरी पाइप क्लॅम्पमधून निसटला होता. ज्या ॲल्युमिनियमच्या नळीवर तो चढवला होता तिच्या टोकाला पाइप अडून राहावा म्हणून कडा उठवलेली असते, ती नव्हती. नळी करवतीनं सरळ कापलेली. पाइपावर पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं, एसएई जे३०. तो पेट्रोलचा पाइप. गिअरबॉक्सच्या कूलरसाठी वेगळा येतो, त्यावर जे१५३२ असं लिहिलेलं असतं. दोन महिन्यांत तो टोकाला लाकडासारखा कडक झाला होता. अक्षरं पहिल्या दिवसापासून तिथेच होती. बॉनेट उघडून वाकलो असतो तर वाचता आली असती.

दुसरं बोट कूलरवर. "मोटरसायकलचा आहे."

तिसरं व्हॉल्व्ह बॉडीच्या कव्हरवर. बोल्टांच्या डोक्यावर कारखान्यातल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा, डोक्यापासून कव्हरपर्यंत न तुटता गेलेल्या. कडेचं सीलंटही मूळचं. कव्हर कधी उघडलंच नव्हतं. मामा म्हणाले, "किट कुठून घालणार, खिडकीतून?" वर त्यांनी हेही सांगितलं, की माझ्या गिअरबॉक्सला तेलाचा दाब किती द्यायचा ते कंप्युटर ठरवतो, सोलेनॉइडमार्फत. स्प्रिंगा बदलून दाब वाढवायचा तो प्रकार मुख्यतः जुन्या गिअरबॉक्सांचा.

मग टणक गिअर कशामुळे पडत होते? कंप्युटर गाडी चालेल तसं शिकत जातो, क्लच किती झिजलाय त्याप्रमाणे दाब जुळवत जातो. स्कॅनर लावून ती शिकवण पुसली की काही दिवस गिअर वेगळेच पडतात, पुन्हा शिकेपर्यंत. त्या गॅरेजनं तेवढंच केलं होतं, दोन मिनिटांचं काम. रीमॅपिंग झालं असतं तर प्रोग्रामचा ओळखक्रमांक बदलला असता. मामांच्या स्कॅनरवर तो आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या जुन्या कागदावरचा एकच निघाला. ऑइलचंही तसंच. ड्रेन बोल्ट काढून निम्मंही तेल बाहेर येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. माझ्याकडून नऊ लिटरचे पैसे घेतले. मामांच्या अंदाजानं चारच्या वर गेलं नसावं. डबे माझ्यासमोर फोडले नव्हते, आणि काढलेलं तेल मापात ओतून दाखवा असं मीही म्हटलं नव्हतं.

शेवटी मी रुमाल सोडून स्प्रिंगा त्यांच्यापुढे ठेवल्या. मामा बघत राहिले आणि खोकला येईपर्यंत हसले. "अहो साहेब, या मोटरसायकलच्या क्लचच्या. चार असतात. तुमच्या गाडीत अर्धी मोटरसायकल बसवलीय त्यानं." तो होलोग्रामचा रिकामा बॉक्स याआधी दोन गिऱ्हाइकांनी पाहिलाय, हेही त्यांच्याकडूनच कळलं. बॉक्स एकच असावा.

मूळच्या ११८चं कारण त्यांनी पुढचा बंपर काढून दाखवलं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे आणि गवताच्या काड्यांचा नमदा बसला होता. गिअरबॉक्सचं तेल इंजिनच्या कूलंटनंच थंड होतं. कूलंट थंड होत नसेल तर तेल कुठून होणार? धुवायचे १,२०० रुपये. मे महिन्यात हे केलं असतं आणि ऑइल बदललं असतं तर बाकी कशाचीच गरज नव्हती. आता तेलाशिवाय फिरल्यामुळे क्लच प्लेटा जळल्या होत्या. पार्ट दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवले, कन्व्हर्टर उघडून दुरुस्त केला. पाच आठवडे, ९४ हजार. मामांनी जुनी प्रत्येक प्लेट पिशवीत घालून दिली, मी न मागता.

पहिल्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा 'सर'चा 'काका' झाला होता. "काका, घाटात तुम्ही चढवली, त्याला मी काय करणार? फिटिंगची वॉरंटी सात दिवस." मी बिल मागितलं. दोन तास बसवून छापील बिल दिलं, जीएसटी नंबरासकट. घरी येऊन नंबर पोर्टलवर टाकला तर घेईना. मोजला तर १४ अक्षरं! जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७नं सुरू होतो. याचा सुरू २७नंच होत होता, तेवढी काळजी घेतली होती. मोबाईल आपल्या खिशात असतोच. पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून नंबर तपासायला एक मिनिट लागतं. मला ते मिनिट तीन महिने उशिरा सुचलं.

१९१५ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, गॅरेजवाल्यानं उत्तर दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अडचण पुराव्याची आहे. ४६ हजार रोख, त्याची पावती नाही. यूपीआयचे २० हजार मोबाईल शॉपीच्या नावावर. सुरुवातीचा हिशोबाचा कागद मात्र त्याच्या हस्ताक्षरात आहे, आणि गाडी लिफ्टवर असताना काढलेले फोटो आहेत, बोल्टांवरच्या रंगासह.

वकील दिलेला नाही, मीच उभा राहतो. एका तारखेला गॅरेजवाला आला नाही, पुढची दोन महिन्यांनी आहे. स्प्रिंगा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुराव्याला लावल्या आहेत. लावण्याआधी एका रविवारी टेबलावर घेऊन बसलो आणि अखेर त्यांना व्हर्नियर लावला. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी, चारही अगदी एकसारख्या. त्याचा तक्ता करून सोबत जोडलाय, आमच्या टूलरूमच्याच फॉरमॅटमध्ये. खाली 'तपासणारा' या शब्दापुढे माझी सही आहे.